मॉरिशसच्या डॉल्फिनची तयारी पैठणपासून

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला डॉल्फिन बघायला निघालाच असाल तर बॅग भरायच्या आधी एक सकाळ पैठणला काढा. आपण मराठवाड्यातली माणसं. समुद्राएवढं पाणी म्हटलं की आपल्यासमोर नाथसागरच येतो, आणि हलत्या पाण्यावर नजर ठेवायची सवय आपल्याला नसते. काठावर बसून दुर्बिणीतून पाणकावळे बघा. बुडी मारलेला पक्षी कुठे वर येईल याचा अंदाज तासाभरात येऊ लागतो. बोटीवर तोच अंदाज कामी येतो. दुर्बीण 8 बाय 42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं, पुरे. जास्त ताकदीची घेतली तर हलत्या बोटीत चित्र नुसतं थरथरतं.

कोण दिसणार, हे घरूनच पाठ करून जा. सगळ्यात आधी स्पिनर डॉल्फिन. अंगाने सडपातळ, चोच लांब आणि बारीक, पाठ गडद, दोन्ही बाजू राखाडी, पोट पांढरं. पाण्याबाहेर उसळून स्वतःभोवती गिरक्या घेतो, एका उडीत कधी सातपर्यंत! असा भोवरा दुसरा कुणी होत नाही, त्यामुळे ओळख चुकत नाही. दुसरा इंडो-पॅसिफिक बॉटलनोज. हा धिप्पाड, चोच जाड आणि आखूड, वयात आलेल्याच्या पोटावर ठिपके. तो लहान टोळीत आणि किनाऱ्याच्या जवळ असतो. खोल पाण्यात गेलात तर अंगभर ठिपक्यांचा पॅनट्रॉपिकल स्पॉटेड दिसू शकतो, पण त्याची पिल्लं बिनठिपक्याची असतात, तिथे फसायला होतं. आणि दूरवर पाण्याचा फवारा डावीकडे, पुढे झुकलेला दिसला तर तो डॉल्फिन नव्हे, स्पर्म व्हेल हा मोठा देवमासा. मग बोटवाल्याला लगेच सांगा.

बोट भल्या सकाळचीच घ्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारिन भागातून. स्पिनर रात्रभर खोल समुद्रात मासे आणि माखल्या (स्क्विड) धरतात आणि उजाडताना विसाव्याला उथळ, शांत खाडीत येतात. वारा बहुतेक आग्नेयेचा, म्हणून ही बाजू आडोशाची. पहाटे उठायची धास्ती नको: तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यांचे सहा म्हणजे आपले साडेसात. आमच्या आईला गजरही लागला नाही.

पाण्यात उतरायचा मोह माझ्या मते आवराच. ती त्यांची झोपेची वेळ, तीसुद्धा अर्धा मेंदू जागा ठेवून घेतलेली. मागच्या फेरीत आमच्या बोटवाल्याने थेट कळपात बोट घातली आणि चार मिनिटांत सगळे गायब. त्यामुळे बोट ठरवताना पैशांच्या आधी विचारा, कळप दिसला की इंजिन मंद करता का.

बाकी सामान थोडकं: टोपी, वाऱ्यासाठी पातळ जाकीट, मोबाईलला पाणी न शिरणारी पिशवी. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या तासभर आधी. जागा बोटीच्या मध्याच्या मागे धरा, तिथे हेलकावे कमी बसतात, आणि पोट ढवळलं तर मोबाईल ठेवून क्षितिजाकडे बघा. धपाट्यांचा डबा न्या हवा तर, पण उघडायचा किनाऱ्यावर परतल्यावरच.