गाडी नवी घ्यायची, लीजवर की सेकंडहँड, आधी हा हिशोब मांडा

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, महिन्याला हप्ता किती झेपेल. याचं उत्तर तिथे देऊच नका, कारण हप्ता लांबवून कुठलीही गाडी झेपेल अशी दाखवता येते. आधी घरी बसून गाडीचा महिन्याचा खरा खर्च काढा.

सगळ्यात मोठा खर्च म्हणजे उतरणारी किंमत, आणि तो कुणीच धरत नाही. इन्शुरन्सवाले आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढताना सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला 15 टक्के घसारा लावतात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 आणि चार ते पाचला 50. तोही एक्स-शोरूम किमतीवर हं, महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर भरलेला 11 टक्के रोड टॅक्स विकताना वेगळा काही हातात येत नाही.

समजा एक्स-शोरूम 8 लाख, टॅक्स 88 हजार, इन्शुरन्स वगैरे धरून ऑन-रोड 9.40 लाख पडली आणि पाच वर्षांनी 4 लाखाला गेली. गेले 5.40 लाख, म्हणजे महिन्याला 9 हजार. त्यात 8 लाखाचं लोन 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी असेल तर व्याज जवळपास 1.96 लाख, महिन्याला अजून सव्वातीन हजार. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी राहिली तरी बारा हजार, पेट्रोल, सर्व्हिसिंग, पुढच्या वर्षांचा इन्शुरन्स, टायर हे सगळं त्याच्यावर. हेच लोन सात वर्षांचं केलं तर हप्ता 16,600 वरून 12,900 वर येतो, बघायला छान वाटतं, पण व्याज 2.81 लाख होतं.

तीच गाडी दहा वर्षं वापरून दीड लाखाला विकली तर किमतीची घट महिन्याला साधारण 6,600 पडते. रिपेअरिंग वाढतं हे खरं, तरी माझं स्पष्ट मत आहे की नवी घ्यायची तर लांब पल्ल्यासाठीच घ्या, दर चार वर्षांनी बदलायची असेल तर नवी विकत घेणं सगळ्यात महाग.

आता लीज, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी गाडी भाड्याने घेणं. लीजच्या भाड्यात हीच घट, व्याज, बहुतेक वेळा इन्शुरन्स-सर्व्हिसिंग आणि वर कंपनीचा नफा असतो, त्यामुळे भाड्याची तुलना हप्त्याशी करू नका, वरच्या पूर्ण आकड्याशी करा. शेवटी हातात गाडी नसते हेही लक्षात ठेवा. वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, मधेच सोडली तर किती भरायचं, परत देताना ओरखड्यांचे पैसे कापतात का, हे सही करायच्या आधी लेखी घ्या. ऑफिसमधून सॅलरीतून लीज मिळत असेल आणि तुम्ही वरच्या टॅक्स स्लॅबमध्ये असाल तर मात्र नीट विचार करा, तिथे टॅक्स वाचतो आणि गणित बदलतं, फक्त नोकरी सोडली तर गाडीचं काय ते एचआरला आधी विचारा.

रनिंग कमी असेल, शहरातल्या शहरात आणि सणावाराला गावी, तर मी तीन-चार वर्षं जुनी गाडीच सुचवेन, किमतीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. पण तिथे लोनचा दर फ्लॅट सांगतात, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच, 5 टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांसाठी प्रत्यक्षात 9 च्या थोडं वरच, म्हणून रिड्यूसिंग रेट, म्हणजे उरलेल्या रकमेवरचा दर, किती ते विचारा. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, चलनं परिवहनच्या साइटवर तपासा, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, तेव्हा प्रीमियम वाढणार हे धरून चाला आणि पॉलिसी 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका.