कॅरेलिनची उलटी उचल कशी मारायची

मॅटला चिकटून पालथा पडलेला १३० किलोचा मल्ल उचलून मागे फेकायचा, हे हलक्या गटातल्यांनीच करावं असं मानलं जायचं. रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या अलेक्झांडर कॅरेलिनने ते सर्वात जड गटात करून दाखवलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिक फायनलमध्ये तो मागे होता; शेवटच्या सेकंदांत बल्गेरियाच्या गेरोव्हस्कीला याच डावाने उलटवून त्याने पहिलं सुवर्ण घेतलं. पुढे १९९२ आणि १९९६ लाही सुवर्ण.

हा डाव ग्रीको-रोमन कुस्तीतला. या प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही, पायानेही डाव करता येत नाही. पट आणि टांग हे पायांचे डाव आखाड्यातच ठेवून या.

प्रतिस्पर्धी पालथा असताना त्याच्या बाजूला बसा, तोंड त्याच्या पायांकडे. एक हात पाठीवरून पलीकडच्या बाजूने खाली, दुसरा अलीकडून पोटाखाली. तळव्याला तळवा भिडवा, अंगठे बोटांना चिकटलेले. बोटांत बोटं गुंतवू नका. झटका बसला की बोट मोडतं. पकड बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या मऊ भागात हवी. तिथून मांडीवर घसरली तर तो फाऊल.

आता लगेच उचलू नका. आधी त्याला आपल्याकडे ओढून त्याची कंबर मॅटवरून सोडवा, आपली छाती त्याच्या कुशीला घट्ट लावा. मग पाय त्याच्या जवळ आणून गुडघ्यांतून उठा. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाय लांब राहतात, सगळं वजन कंबरेवर येतं आणि पाठ धरते. उभे झालात की पोट पुढे ढकलून मागे कमान करा आणि पडता पडता कूस बदला. कूस बदलली नाही, तर तुमचेच खांदे मॅटला लागतात आणि गुण समोरच्याला.

सरावात आधी ब्रिज (पाठीची कमान करून डोकं आणि पायांवर तोलणं) पक्का करा, मग डमी (सरावाची बाहुली), ती स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून हलकी. जोडीदार शेवटी, तोही जाड गादीवर. समोरचा उलटा लटकतो, म्हणून त्याने हनुवटी छातीला लावून खांद्यांच्या पात्यांवरच पडायचं. मानेवर टाकणं म्हणजे गुन्हाच.

पकडीला इतकं महत्त्व का, ते २००० च्या सिडनी फायनलमध्ये दिसलं. तेव्हाच्या नियमानुसार दोघांना छातीला छाती भिडवून पकड घ्यावी लागे आणि ज्याची पकड आधी सुटेल त्याच्या समोरच्याला गुण मिळे. कॅरेलिनचे हात सुटले आणि अमेरिकेच्या रुलन गार्डनरने कुस्ती १-० ने काढली.