या चुका टाळा: अवरक्तात तळपणाऱ्या दीर्घिका रेडिओत मोजताना

फोंड्यात घरी बसून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा उतरवून घेता येतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण चवथीची सुट्टी संपली की एखादा विद्यार्थी तीच बातमी घेऊन दारात उभा असतो: "सर, कमी फ्रिक्वेन्सीला दीर्घिका मंद झाली, शोषण सापडलं!"

अशाच खोट्या शोषणापायी माझे दोन आठवडे गेले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक अवरक्त तेज असलेल्या या दीर्घिकांत तारे धडाक्याने जन्मतात. त्यांच्याभोवतीचा आयनित वायू कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी खरोखरच गिळतो, त्यामुळे खोटं शोषणही चटकन पटतं. माझ्या दीर्घिकेचा 325 मेगाहर्ट्झचा फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या रेडिओ लहरींचं तेज, अपेक्षेपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी आला. मी आलेखही काढून ठेवले. मग एका रात्री धो धो पाऊस, वीज गेलेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर त्याच चित्रातले शेजारचे स्रोत मोजत बसलो, पेन्सिलने वहीत उतरवत गेलो. दहाचे दहा तेवढ्याच प्रमाणात मंद! सेल्फ-कॅल म्हणजे आकाशाच्या आपल्याच मॉडेलवरून अँटेनांच्या चुका दुरुस्त करणं. त्याच्या पहिल्याच फेरीत, अर्धवट मॉडेलवर, मी लहरीच्या फेजबरोबर (टप्पा) ॲम्प्लिट्यूडही (उंची) सोडवली होती. मॉडेलमध्ये नसलेला फ्लक्स गेनमध्ये, म्हणजे अँटेनांच्या दुरुस्तीच्या गुणकांत, जिरून गेला होता.

तेव्हापासून आधी फक्त फेजच्या तीन-चार फेऱ्या. ॲम्प्लिट्यूड अगदी शेवटी, लांब इंटरव्हल घेऊन, गेनची सरासरी 1 वर बांधून. मग दहा शेजारी घ्यायचे आणि 1.4 गिगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस व 150 मेगाहर्ट्झच्या टीजीएसएस सर्वेक्षणांतल्या आकड्यांशी ताडायचे. तासाभराचं काम आहे. पाइपलाइनने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेला आकडा तसाच उचलून निबंधात घालणं मला मुळीच मान्य नाही.

आयरास या अवरक्त उपग्रहाने 1983 मध्ये दिलेली या दीर्घिकांची स्थानं ढोबळ आहेत. ऑप्टिकल चित्रावर रेडिओ कंटूर (समान तेजाच्या रेषा) चढवल्याशिवाय आपला स्रोत कोणता ते ठरवू नका.

आर्प 220 या दीर्घिकेची दोन केंद्रकं जेमतेम एका आर्कसेकंदावर (अंशाचा 3600 वा भाग) आहेत. 25 किलोमीटर पसरलेल्या जीएमआरटीचा बीम, म्हणजे तिला दिसणारा सर्वांत बारीक ठिपका, 1.4 गिगाहर्ट्झलाही दोन आर्कसेकंदांच्या आसपास असतो. पिक्सेल लहान केल्याने ती सुटी होत नाहीत.

सगळा रेडिओ ताऱ्यांच्या खाती मांडू नका. मार्केरियन 231 या दीर्घिकेच्या केंद्रात सक्रिय कृष्णविवर आहे. अवरक्त तेज भागिले रेडिओ तेज या गुणोत्तराचा लॉगरिदम, q, ताऱ्यांच्या जन्मामुळे तळपणाऱ्या दीर्घिकांत साधारण 2.3 येतो, तो बराच खाली घसरला, तर केंद्राकडे संशयाने बघा.

आणि ऑटो-फ्लॅगिंग (खराब डेटा आपोआप पुसणं) लावून झोपायला जाऊ नका. रेडशिफ्ट (दीर्घिका दूर जाताना लहरी ताणल्या जाण्याचं माप) 0.2 असेल, तर ओएच मेगामेसरची, म्हणजे अशा दीर्घिकेतल्या ओएच रेणूंच्या प्रखर रेडिओ झोताची, 1667 मेगाहर्ट्झची रेषा 1389 ला येते, आणि सॉफ्टवेअर तिला मोबाइलचा कचरा समजून पुसून टाकू शकतं. त्या चॅनेलवर कॅलिब्रेटरचा (तुलनेसाठी पाहिलेल्या ओळखीच्या स्रोताचा) स्पेक्ट्रम आधी डोळ्यांनी पाहा. रेषा तिथेही असेल, तर खुशाल पुसा. फक्त दीर्घिकेतच असेल, तर हात आवरा.