50 मीटर जोरात पोहायचंय? आधी डोकं पाण्यात घाला

विदर्भातल्या खेड्यात पोहायला शिकलेला पोरगा लगेच ओळखू येतो. विहिरीत, बोडीत (लहान तळ्यात) नाहीतर नदीच्या डोहात तो शिकलेला असतो. दम भरपूर, हात दणकट आणि पोहताना डोकं सरळ वर. समोर काय आहे ते दिसावं म्हणून लागलेली ही सवय उघड्या पाण्यात कामाचीही आहे. वेगाला मात्र तीच सगळ्यात जास्त नडते.

ऑस्ट्रेलियाच्या कॅमरून मॅकेव्हॉयने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण 21.25 सेकंदांत जिंकलं. हिशेब केला तर हा वेग ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या वेगाने आपण बसमागे रोज पळतो. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असतं, त्यामुळे तिथे सगळा हिशेबच बदलतो. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती आठपट. फक्त 10 टक्के जास्त वेग हवा असेल तरी शक्ती 33 टक्के जास्त लागते. म्हणून मोठे स्प्रिंटर आधी अडथळा कमी करतात, मग जोर लावतात. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

पाणी निवडा

शेततळ्यात उतरू नका. प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर ओला पाय टिकत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. खदानीचे खड्डे, पाणी सोडलेला कालवा, पावसाळ्यातली नदी हेही नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथे तळ माहीत असलेला, छातीएवढ्या पाण्याचा पट्टा शोधा आणि काठाला समांतर पोहा. शिंगाड्याची लागवड असेल तिथून लांब राहा, वेलात पाय अडकतो. काठावर पोहता येणारा मोठा माणूस आणि हाताशी दोर हवाच. दोन बांबू रोवून 15 मीटर मोजून घ्या, सुरुवातीला तेवढं अंतर पुरतं. जिल्ह्याच्या ठिकाणचा जलतरण तलाव परवडत असेल तर तो केव्हाही चांगला.

शरीर आडवं करा

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे जमलंच पाहिजे. डोकं वर उचललं की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि मागे वखरासारखे ओढले जातात. हात कितीही मारा, निम्मी मेहनत ते पाय ओढण्यात जाते.

घाटाच्या पायरीला किंवा भिंतीला पाय टेकवा. दोन्ही हात डोक्यापुढे ताणा, एक तळवा दुसऱ्यावर ठेवा, दंड कानाला चिकटवा. चेहरा पाण्यात, नजर तळाकडे. पायांनी ढकला आणि हात-पाय न हलवता नुसतं घसरत जा. कुठे थांबलात तिथे खूण करा. खूण पुढे सरकायला लागली म्हणजे शरीर सरळ होतंय. पहिला आठवडा एवढंच केलं तरी चालेल. पोट्टे कंटाळतात, पण खरा वेग इथेच मिळतो.

हात

हात खांद्याच्या रेषेत पुढे घाला. मग कोपर वरच ठेवून बोटं तळाकडे वळवा, म्हणजे तळव्याबरोबर कोपरापर्यंतचा सगळा हात पाणी मागे ढकलतो. कोपर आधी खाली पडलं की हात पाण्यातून नुसता निसटतो. ढकलणं मांडीपर्यंत पूर्ण करा. बोटं घट्ट आवळायची गरज नाही, थोडी फट चालते. सवय लागावी म्हणून एक फेरी मुठी मिटून पोहा. मुठी उघडल्यावर मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याचा दाब जाणवायला हवा.

पाय

लाथ कमरेतून, लहान आणि भरभर. गुडघे सायकल चालवल्यासारखे वाकत असतील तर पाय उलट ब्रेक लावतात. घोटे सैल हवेत; त्यासाठी रोज थोडा वेळ वज्रासनात बसा, गुडघा दुखत असेल तर राहू द्या.

सूर आणि श्वास

शर्यतीतला सर्वांत जास्त वेग सूर मारून पाण्यात शिरतानाच असतो. तो टिकवायला स्प्रिंटर पाण्याखाली दोन्ही पाय जोडून डॉल्फिनसारखी लाथ मारतात. नियमाप्रमाणे 15 मीटरच्या आत डोकं वर यावं लागतं. सूर फक्त खोल तलावात, प्रशिक्षकासमोर शिका. बोडीत झाडावरून किंवा काठावरून सूर मारणं म्हणजे मान मोडून घेणं.

50 मीटरमध्ये मोठे खेळाडू एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, कारण डोकं वळलं की लय मोडते. ते बघून घरी श्वास रोखायची स्पर्धा लावू नका. भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली गेलं तर काही कळायच्या आत शुद्ध हरपते. 15 मीटरला एक श्वास बाजूला वळून घ्या, आणि शेवटच्या चार-पाच हातांत टाळा. त्या शेवटाची किंमत भारताचा जलतरणपटू वीरधवल खाडेला विचारा. जकार्ताच्या 2018 च्या आशियाई खेळांत त्याचं 50 मीटरचं कांस्य 0.01 सेकंदाने हुकलं. भिंतीला हात लांब ताणूनच लागला पाहिजे.

सराव किती

इथे बहुतेक जण चुकतात. तासभर संथ पोहून संथ पोहण्याचीच सवय लागते. मॅकेव्हॉयने टोकियो ऑलिंपिकनंतर पाण्यातलं अंतर खूप कमी केलं, ताकदीचा व्यायाम वाढवला आणि तिशीत सुवर्ण घेतलं. आपण त्यातलं तत्त्व घ्यावं. आठवड्यातून तीन दिवस, अंग गरम केल्यावर 15 मीटर पूर्ण जोरात, मग दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, अशा सहा ते आठ फेऱ्या. वेळ मोबाइलवर घ्या आणि हात किती पडले तेही मोजा. वेळ तीच राहून हात कमी पडले, तर ती प्रगतीच आहे. वेळ घसरायला लागली की त्या दिवशी थांबा. उरलेल्या दिवशी कडुनिंबाच्या मजबूत फांदीवर पुलअप्स काढा आणि जागेवर उंच उड्या मारा.

15 मीटर सरळ आणि न धापता जमलं की 25 वर जा. पोरगं शाळेत असेल तर क्रीडा शिक्षकांना शालेय जलतरण स्पर्धांबद्दल विचारा. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत. नाव द्यायच्या आधी किमान काही दिवस खऱ्या तलावात सराव करून घ्या, कारण भिंतीजवळचं वळण आणि दोरीच्या आतली सरळ लेन बोडीत शिकता येत नाही.