बायोचारने पाण्यातलं कीटकनाशक काढताय? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला घडातला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, किती, हे तोंडपाठ असतं. २०१० साली सीसीसी या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तेव्हा बसलेला चटका अजून कोणी विसरलेलं नाही. पण ज्या ब्लोअरने (फवारणी यंत्राने) फवारलं, तो धुतलेलं पाणी कुठे जातं? बहुतेक ठिकाणी विहिरीशेजारच्या चिखलात. मला हे फार सलतं. ते पाणी बायोचारच्या, म्हणजे कमी हवेत भाजलेल्या कोळशाच्या, ड्रममधून गाळता येतं, पण त्यात चुका होतात.

एक हिशेब मांडतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक लिटरला ०.३ मिली या प्रमाणात घेतलं, तर टाकीतल्या प्रत्येक लिटरमध्ये ५० ते ६० मिलिग्रॅम औषध असतं. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे उरलेलं एक लिटर द्रावण त्या मर्यादेत आणायचं, तर ५ लाख लिटरहून जास्त स्वच्छ पाणी लागेल. एका मध्यम शेततळ्याएवढं! म्हणून पहिली चूक हीच की, आधी सांडायचं आणि मग गाळायचं. टाकीच्या तळाचं पाणी आणि डबे तीनदा विसळलेलं पाणी फवाऱ्यातच संपवा. बायोचारसाठी फक्त धुण्याचं पातळ पाणी उरलं पाहिजे.

कोळसा म्हणून काहीही भरणं

खरड छाटणीच्या काड्या बांधावर उघड्या पेटवल्या की हाती राख येते. राख औषध धरून ठेवत नाही, उलट पाण्याचा सामू (पीएच) चढवते. काड्या कमी हवेत, साधारण ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापल्या, तरच आत बारीक छिद्रांचं जाळं तयार होतं. पारख सोपी आहे. गार झालेला कोळसा हातावर चोळा. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाला तर भाजणी बरी झाली. तेलकट काळपट डाग राहिला तर डांबर आतच आहे, आणि तेच पुढे पाण्यात उतरेल.

आपल्याकडची एक खास अडचण बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची. वर्षानुवर्षं फवारलेलं तांबं सालीवर बसलेलं असतं आणि काडी जळाली तरी ते उडून जात नाही, कोळशातच राहतं. तेव्हा कोळसा भरपूर पाण्याने धुवा, आणि असा घरचा ड्रम पिण्याच्या पाण्यासाठी अजिबात वापरू नका.

मोटर थेट ड्रमला जोडणं

माझ्या पहिल्या ड्रमला मी हेच केलं होतं. पाणी दिसायला नितळ आलं, मी खूश झालो. प्रयोगशाळेच्या अहवालात आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात जेमतेम फरक होता. ड्रममध्ये १०० लिटर कोळशाचा थर असेल आणि मोटर मिनिटाला २०० लिटर ढकलत असेल, तर पाणी आत अर्धं मिनिटच थांबतं. औषधाचा कण छिद्रात शिरून तिथे चिकटायला वेळ लागतो. तोच थर ताशी ३०० लिटरने चालवला तर २० मिनिटं मिळतात. वरच्या टाकीतून तोटी बारीक सोडून, पाणी खालून वर चढेल अशी जोडणी करा, म्हणजे ते एकाच वाटेने पळत नाही. कोळसा गहू-हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठेवा. त्याचं पीठ झालं तर ड्रम तुंबतो.

सगळ्या औषधांना एकच माप

क्लोरपायरीफॉस पाण्यात लिटरला मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅमच विरघळतं, त्यामुळे ते कोळशाला आणि गाळाला झटकन चिकटतं. इमिडाक्लोप्रिड लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळतं, थायामेथोक्झाम त्याहून कितीतरी जास्त. ही पाण्यातच रमणारी औषधं आहेत. यांना कोळसा जास्त लागतो, वेळही जास्त लागतो, आणि थर भरला की आधी हीच निसटतात. इथे विकतचा ॲक्टिव्हेटेड कार्बन (खास प्रक्रियेने जास्त छिद्रं पाडलेला कोळसा) घरच्या बायोचारपेक्षा सरस ठरतो. बेंटोनाइट माती पॅराक्वाटसारखं धनभारित तणनाशक छान धरते, पण या कीटकनाशकांसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

गढूळ, शेवाळलेलं पाणी थेट सोडू नका. त्यातला सेंद्रिय मळ औषधाच्या आधी छिद्रं अडवतो. आधी निवळू द्या, वाळूतून गाळा.

क्लोरीन आधी टाकणं

हे जाणती माणसंही करतात. क्लोरीनमुळे क्लोरपायरीफॉसचं ऑक्सॉन नावाचं रसायन होतं आणि ते मूळ औषधापेक्षा विषारी असतं. शिवाय कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणजे जंतूही मरत नाहीत. क्रम आधी कार्बन, मग क्लोरीन असाच हवा. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून विरघळलेलं औषध जात नाही, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला ते दिसतही नाही.

दिसतं ते फक्त प्रयोगशाळेत. द्राक्षाचे नमुने एलसी-एमएसएमएस या सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर तपासणाऱ्या प्रयोगशाळेला पाणी घेतात का, ते विचारा. गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून, ड्रमच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने एकाच दिवशी द्या. पंधरवड्याने पुन्हा द्या. नंतरच्या नमुन्यातला आकडा वर सरकू लागला की कोळसा भरला.

तो भरलेला कोळसा खत म्हणून वाफ्यात टाकू नका आणि जाळूही नका. झाकणाच्या ड्रममध्ये, छपराखाली, वर 'विषारी' लिहून, मुलं-जनावरं पोहोचणार नाहीत असा ठेवा आणि धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. त्याची सोय कशी होईल, हे ड्रम भरण्याआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्या.