सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीला सामोरे जाताना

कंपनी ऐरोलीची असो, पवईची असो वा वांद्रे-कुर्ला संकुलातली, सॉफ्टवेअर इंजिनिअरची निवड सहसा एका बैठकीत होत नाही. एचआरचा फोन, ऑनलाइन चाचणी, कोडिंगच्या एक-दोन फेऱ्या, अनुभवी उमेदवारांसाठी सिस्टिम डिझाइन (मोठी प्रणाली कशी उभारायची, यावरची चर्चा) आणि शेवटी मॅनेजरशी व पगाराविषयी बोलणे, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. कोणत्या फेरीत काय विचारले जाईल, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

कोडिंगच्या फेरीसाठी शेकडो प्रश्नांची उत्तरे पाठ करण्यापेक्षा आपला विचार मोठ्याने मांडण्याचा सराव करावा, असे माझे ठाम मत आहे. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी बराच वेळ गप्प राहून उत्तर शोधत होतो. उत्तर सापडले, पण तोवर माझ्या डोक्यात काय चालले आहे हे समोरच्याला कळायला मार्गच नव्हता आणि माझी निवड झाली नाही. समजा, प्रश्न असा आहे: दिलेल्या यादीतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज 9 होते? लगेच टाइप करायला न बसता आधी विचारावे, की यादी क्रमाने लावलेली आहे का, तीच संख्या पुन्हा येऊ शकते का, अशी जोडी नसेल तर काय परत करायचे. मग सोपा मार्ग सांगावा: प्रत्येक संख्या दुसऱ्या प्रत्येक संख्येशी जोडून पाहायची. यादीत 1 लाख संख्या असतील तर अशा सुमारे 500 कोटी जोड्या तपासाव्या लागतील, हेही आपणहून सांगावे. त्यानंतर हॅश मॅपकडे, म्हणजे नोंदवलेली गोष्ट चटकन शोधता येते अशा रचनेकडे, वळावे: 4 समोर आला की 5 आधी येऊन गेला आहे का एवढेच पाहायचे, नसेल तर 4 नोंदवून पुढे जायचे, यादी एकदाच वाचून काम होते, मात्र त्यासाठी जास्तीची मेमरी लागते. कोड लिहून झाल्यावर एक छोटे उदाहरण घेऊन तो ओळीओळीने चालवून दाखवावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती वाटते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांनी हेच स्पष्टीकरण आधी मराठीत, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत मित्रासमोर बोलून पाहावे.

रेझ्युमेवरच्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. प्रोजेक्टविषयी बोलताना ‘आम्ही केले’ एवढ्यावर न थांबता आपण स्वतः काय केले, ते सांगावे.

घर लहान असेल तर व्हिडिओ मुलाखतीसाठी शांत जागेची सोय आदल्या दिवशीच करावी आणि मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा. प्रत्यक्ष बोलावले असेल आणि पावसाने लोकल खोळंबल्या, तर ठरलेली वेळ टळण्याआधीच एचआरला कळवावे.

पगाराच्या बोलणीत सीटीसीला, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाला, 12 ने भागून हातात येणारी रक्कम ठरवू नये, कारण कंपनीचा पीएफमधील वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही त्यात बहुधा धरलेली असते. म्हणून कशासाठी किती रक्कम आहे, याचा सविस्तर ब्रेकअप मागावा. सध्याच्या नोकरीत 90 दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर तो पहिल्याच फोनवर सांगून टाकावा, आणि रुजू होण्याची तारीख व पगार लिहिलेले ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नये.