वाद्यवृंदासमोर पॉपिंग करताना

डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये पॉपिंग, म्हणजे ठोक्यावर स्नायू झटक्याने आवळून सोडण्याची नृत्यशैली, शिकलेल्या मला स्पीकरमधल्या ठेक्याची इतकी सवय होती की, युरोपातल्या एका प्रयोगात प्रथमच पूर्ण वाद्यवृंदासोबत तालमीला उभा राहिलो, तेव्हा पहिल्याच ओळीत मी सगळ्यांच्या पुढे निघून गेलो. कंडक्टरची छडी खाली आली त्याच क्षणी मी ‘हिट’, म्हणजे स्नायूंचा तो झटका, मारला होता. आवाज मात्र निमिषभराने आला. लावणीत ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे पाहून वाजवतो; इथे पाहण्याची जबाबदारी आपली असते.

नवोदितांनी एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. बहुतेक तालमी पियानोवर होतात आणि वाद्यवृंद शेवटच्या काही दिवसांत येतो. पियानोचा सूर हातोडीच्या ठोक्याने लगेच उमटतो, तर व्हायोलिनचा गज तारेवर फिरू लागल्यावर नाद भरत जातो. त्यामुळे पियानोवर नेमका बसलेला हिट तंतुवाद्यांवर घाईचा दिसतो. मी छडीकडे पाहणे सोडून पहिल्या रांगेतले गज पाहू लागलो. वादक पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेत, असतील तर ही सोय नसते. मग छडी वर जातानाचा वेग पाहावा, कारण येणारी लय त्यातच कळते.

पॅरिसच्या ऑपेरा बास्ती या नाट्यगृहात २०१९ साली रामो या संगीतकाराच्या १७३५ च्या ‘ले झँद गालाँत’ या ऑपेरा-बॅलेसाठी बिंतू देंबेले यांनी क्रम्पसारख्या रस्त्यावरच्या शैली वापरून नृत्यरचना केली. त्यातले ‘ले सोव्हाज’ हे नृत्य अभ्यासासाठी उत्तम आहे. १७२५ मध्ये लुइझियानाहून पॅरिसला आलेल्या मूळनिवासींचे नृत्य पाहून रामोने ते आधी हार्पसिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या वाद्यासाठी रचले होते. आपल्या ध्रुवपदासारखी त्याची मुख्य धून परत परत येते आणि मधले भाग अंतऱ्यासारखे असतात. आठ-आठ मात्रा मोजत बसण्याऐवजी ही पुनरागमने कानात पक्की केली की, कंडक्टरने लय सैल केली तरी आपण हरवत नाही. क्रम्पमधला पायाचा आघात आणि छातीचा झटका त्या धुनेच्या वजनदार मात्रांवर चपखल बसतो, हे मला पुस्तकी विवेचनापेक्षा अधिक पटणारे वाटते.

मानधन आणि तालमींच्या वेळा लेखी घ्याव्यात. वादकांची वेळ संपली की तालीम तिथेच थांबते.

बुटांचेही पाहावे. अगदी हळुवार ओळीत माझा रबरी तळवा करकरला आणि एका चेलोवादकाने मान वर करून पाहिले. दुसऱ्या दिवशी जुन्या पायमोज्याचा पुढचा भाग कापून मी तो बुटांवर चढवला.